न लागणारं दार

शाळेच्या जुन्या इमारतीत नकाशांची एक खोली होती. नकाशे गुंडाळून माळ्यावर गेले, पृथ्वीचा गोल ग्रंथालयात गेला आणि त्या खोलीत दोन खुर्च्या, एक बुटकं टेबल आणि समुपदेशक ताई आल्या. खोलीत खोट एकच होती. दार लागत नव्हतं. वरची बिजागरी सैल झाल्यामुळे ते खाली झुकलं होतं, फरशीवर घासायचं आणि कितीही ढकललं तरी पंजाएवढी फट ठेवून अडायचं. जिथं मुलांनी मनातलं बोलायचं, त्या खोलीचंच दार लागेना, म्हणून मुख्याध्यापकांनी शिपायाबरोबर कार्यशाळेत निरोप धाडला, की तेवढं दार बघून घ्या.

"बघतो म्हणावं," रंधासर म्हणाले.

ते 'बघतो' फार लांबलं.

रंधासर म्हणजे शाळेचे सुतारकामाचे शिक्षक. हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण ते हजेरीपटाबाहेर कोणी वापरत नसे. सायकल स्टँडच्या मागे पत्र्याचं छप्पर असलेली लांबट कार्यशाळा होती, तिथं त्यांची सगळी नोकरी गेली. अंगाला लाकडाचा वास, कॉलरमध्ये भुसा, कानावर पेन्सिल. गणिताच्या तासाला जी मुलं बाकाखाली तोंड लपवत ती इथं छाती काढून करवत चालवत, आणि ज्या मुलांना कुठंच जावंसं वाटत नसे ती शाळा सुटल्यावर इथं रेंगाळत.

अशा मुलांसाठी रंधासरांची एक रीत होती. रडवेलं, रागावलेलं किंवा नुसतंच गप्प पोरगं आलं, की ते त्याला काही विचारत नसत. हातात लाकडाचा एक खरखरीत तुकडा आणि पॉलिश पेपर देत आणि म्हणत, "घास." पोरगं घासत बसे. लाकूड गुळगुळीत होईपर्यंत बहुतेकांचं तोंड आपोआप उघडे. बाप कसा पिऊन येतो, कुणी पहिली सिगारेट कुठं ओढली, आई कुणावर ओरडते, सगळं त्या भुशात सांडे. रंधासर ऐकत, हुं करत, कधी एखादा विनोद करत आणि जाताना पोराच्या डोक्यावर टपली मारत. याचा त्यांना किती अभिमान आहे, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ते कळलं ताई आल्यावर.

शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी ताईंची ओळख करून दिली. हल्ली मुलं व्यसनांकडे लवकर वळतात, घरची भांडणं दप्तरातून शाळेत येतात, वगैरे बोलून झाल्यावर ते म्हणाले, "आजवर आपल्या शाळेत मुलांचं ऐकून घेणारं कोणी नव्हतं. आता आहे."

मागच्या रांगेत बसलेल्या रंधासरांनी कॉलरमधला भुसा झटकला. त्या वाक्याचं कुसळ त्यांच्या बोटात शिरलं, ते शिरलंच.

ताई तिशीतल्या होत्या, हळू बोलणाऱ्या, पायात सपाट चपला. त्यांनी मुलांना सांगितलं, मला बाई म्हणू नका, ताई म्हणा. महिन्याभरात सगळी शाळा ताई, ताई करू लागली. रंधासरांना एवढ्या वर्षांत कोणी काका म्हटलं नव्हतं. त्यांनी ठरवून ताईंना 'बाई'च म्हणायला सुरुवात केली, आणि पाठीमागे 'कानवाली'. शिपाई या नावाला हसला, तेव्हा त्यांना दिवसभर बरं वाटलं.

घरी ते जेवता जेवता म्हणाले, "दोन खुर्च्या टाकल्या की झालं. ना हत्यार, ना काम. नुसतं ऐकायचं. त्याचा पगार!"

बायकोनं ताटात भाजी वाढली. "सवत आली म्हणा की तुम्हाला."

"सवत काय? तोंडाला येईल ते बोलतेस."

"अहो, आपली पोरगी सासरहून फोन करते आणि मला आधी बोलावते ना, तेव्हाही तुमचं तोंड असंच होतं. मग तुम्ही मुद्दाम फोनपाशी येऊन पंखा पुसता."

पंख्याची गोष्ट खरी होती.

पण खरं दुखणं होतं पाचर.

पाचर नववीत होती. सडपातळ, टोकदार हनुवटीची, कुठल्याही गर्दीत अलगद शिरणारी, म्हणून रंधासरांनीच तिला हे नाव दिलेलं. आईबाप वेगळे झाले होते, दोघांनीही नवे संसार मांडले होते आणि पाचर मावशीकडे राहायची. मावशीचं कपडे इस्त्रीचं दुकान होतं. ती मायाळू होती, पण दिवसभर उभी असायची. म्हणून शाळा सुटली, की पाचर कार्यशाळेत. तिच्या हाताला अशी नजर होती, की गुण्या न लावता ती काटकोन सांगायची. पटाशी धरायची ती पेन धरल्यासारखी. आणि चिकटवण्याच्या कामात तर तिचा हात कोणी धरला नसता. डब्यातला पिवळा रबरी गोंद दोन्ही बाजूंना सारखा पसरायचा, सुकू द्यायचा, मग एका दमात बसवायचं, हे काम मोठी माणसंही घाई करून बिघडवतात. पाचर मात्र त्यावर तासभर वाकून बसायची. "गोंद असला की मी, सर," असं तीच पुढं होऊन म्हणायची. रंधासर कौतुकानं कपाटाची किल्ली तिच्याकडे टाकत.

ही पाचर एकाएकी यायची थांबली.

आधी वाटलं आजारी असेल. मग एका दुपारी त्यांनी तिला नकाशांच्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं. डोळे लाल होते, पण चेहरा धुतल्यासारखा मोकळा. असा चेहरा त्यांनी तिचा कार्यशाळेत कधी पाहिला नव्हता. लाकूड आपण घासून घ्यायचं आणि पॉलिश करून नाव दुसऱ्यानं लावायचं, असं काहीतरी त्यांच्या मनात येऊन गेलं.

त्यानंतर रंधासरांना त्या बाजूची कामं फार निघू लागली. कधी ग्रंथालयाच्या फळ्या बघायच्या, कधी खिडकीची कडी. दाराला पंजाएवढी फट होतीच. कान लावणं त्यांना शोभलं नसतं, म्हणून ते कान न लावता नुसते सावकाश चालत. एकदा त्या फटीतून पाचरचा आवाज आला, स्पष्ट. "ताई, सरांना नका सांगू. प्लीज."

ते तिथून जे निघाले ते थेट कार्यशाळेत येऊन एका चांगल्या फळीवर रंधा मारत सुटले. फळी पापुद्र्याएवढी झाली तेव्हा थांबले. सरांना नका सांगू! ज्या सरांना पोरांनी सगळं सांगितलं, त्या सरांना आता सांगायचं नाही असं काही असतं, आणि ते त्या कानवालीला माहीत असतं.

दोन दिवसांनी ताई स्वतःच कार्यशाळेत आल्या. रंधासर करवतीला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दारासाठी आला असाल तर रांग आहे, बाई."

"दाराचंही आहेच," ताई म्हणाल्या. "पण दुसरं विचारायचं होतं. हा जो पिवळा गोंद तुम्ही वापरता, त्याच्याऐवजी पांढरा चालणार नाही का? पाण्याचा?"

आता मात्र त्यांनी कानस खाली ठेवली. "का बरं?"

"वास फार असतो त्याचा. आणि कपाटाला कुलूप असलं तरी किल्ली तिथंच खिळ्याला असते. ती तुमच्या खिशात राहिली तर बरं. खिडक्याही उघड्या ठेवल्या तर..."

"कोणी तक्रार केली का?"

"तक्रार नाही."

"मग कोणासाठी चाललंय हे?"

"सगळ्यांसाठीच. सर, मला याहून जास्त सांगता येणार नाही. पण मी सहज म्हणून आलेले नाही, एवढं समजा."

हे शेवटचं वाक्य ताईंनी अगदी सरळ डोळ्यांत बघून म्हटलं होतं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर रंधासर तिथंच सावध झाले असते. पण त्यांना त्यात एवढंच ऐकू आलं, की हिला काहीतरी माहीत आहे आणि ही ते मला सांगणार नाही.

"बाई," ते म्हणाले, "पांढऱ्या गोंदाला शिकंजे लावून रात्रभर आवळून ठेवावं लागतं. माझ्याकडे शिकंजे आहेत चार आणि पोरं आहेत चाळीस. तुम्ही कान सांभाळा, गोंद मी सांभाळतो."

ताई गेल्या. दारात वळून म्हणाल्या, "पुन्हा येईन मी." रंधासरांना वाटलं, जिंकलो. किल्ली खिळ्यालाच राहिली.

मग सभागृहाच्या खुर्च्या आल्या. बक्षीस समारंभ तोंडावर आला होता आणि निम्म्या खुर्च्यांची आसनं फाटलेली. जुनं रेक्झिन उचकटायचं, नवा फोम चिकटवायचा, वर नवं रेक्झिन. पंधरवड्याचं काम आणि सगळं गोंदाचं. रंधासरांना खुर्च्या बघताक्षणी पहिली आठवली ती पाचर. खरं तर कामासाठी ती लागणार होती असं नाही. दहावीची दोन पोरं तयार होती. पण निमित्त मिळालं होतं.

त्यांनी तिला पाण्याच्या नळापाशी गाठलं.

"काय गं पाचर, ओळख आहे ना?"

ती दचकली, मग हसली. "काय सर!"

"सभागृहाच्या खुर्च्या आल्यात. तुझ्याशिवाय कोण करणार? त्या दहावीच्या दोघा ठोंब्यांना दिलं तर मुख्याध्यापक खुर्चीला चिकटून बसतील, बक्षीस द्यायला उठणारच नाहीत."

पाचर हसली, पण तिची बोटं दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करू लागली. "सर, मी सध्या... म्हणजे ताई म्हणाल्यात की..."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"आता श्वास घ्यायचा तोही ताईंना विचारून घेतेस का?"

तिचा चेहरा एकदम उतरला. रंधासरांना ते दिसलं आणि क्षणभर वाईटही वाटलं, पण त्याहून जास्त त्यांना ती यायला हवी होती. ते आवाज मऊ करून म्हणाले, "बरं, नको येऊस. म्हाताऱ्याचं काय, करेन मी एकटाच." हे बोलताना त्यांनी कंबरेवर हातही ठेवला.

शाळा सुटल्यावर पाचर आली.

तो पाऊण तास रंधासरांना फार सुखाचा गेला. पाचरनं केस बांधले, ब्रश उचलला आणि पहिल्याच फोमवर असा सारखा हात फिरवला, की दहावीची पोरं नुसती बघत राहिली. रंधासरांनी त्या दोघांना घरी पिटाळलं. बाहेर वारं सुटलं होतं, ओल्या गोंदावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पाचर कमी बोलत होती. त्यांना वाटलं, लाजतेय, इतके दिवस आली नाही म्हणून. त्यांनी तिला एक घट्ट झाकणाचा नवा डबा उघडून दिला.

एवढ्यावर त्यांनी थांबायला हवं होतं. पण सुख एकट्यानं भोगवेना. शिक्षकांच्या खोलीत या वेळी चहा असतो आणि ताई तिथं असतात, हे त्यांना माहीत होतं. "आलोच," असं म्हणून ते निघाले.

ताई खिडकीशी कप घेऊन बसल्या होत्या. रंधासरांनी चहा ओतून घेतला, फुंकर मारली आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत, कोणाशीच नाही अशा सुरात म्हणाले, "पाचर आलीय आज माझ्याकडे. खुर्च्या चिकटवतेय. शेवटी ज्याचा हात ज्या कामाला."

ताईंचा कप बशीवर आपटला. "एकटी आहे ती?"

"मग काय फौज लागते का..."

ताई उठल्याच होत्या. खुर्ची मागं कलंडली, ती उचलायलाही त्या थांबल्या नाहीत. सपाट चपलांचा आवाज ओसरीवरून धावत गेला.

जळली, रंधासरांच्या मनात आलं. कशी जळली! एवढ्या हळू बोलणारी बाई, पळाली! त्यांनी चहाचे दोन घोट शांतपणे घेतले. आयुष्यात चहा इतका गोड क्वचितच लागला असेल. मग कार्यशाळेकडून ताईंची हाक आली, "सर! पाणी आणा, कोणाला तरी बोलवा!" तो आवाज जळणाऱ्या माणसाचा नव्हता.

पाचर भुशाच्या ढिगाला टेकून बसली होती, मान एका बाजूला, डोळे अर्धे उघडे आणि बघत कुठंच नसलेले. डबा मांडीशी होता. ताईंनी खिडक्या सगळ्या उघडल्या होत्या आणि तिला कुशीत धरून दाराच्या उजेडाकडे ओढत होत्या. "बघ माझ्याकडे. मी आहे. बघ." पाचरचे ओठ हलले. "सॉरी, ताई," असं काहीतरी ती पुटपुटली. रंधासर पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते आणि त्या 'सॉरी'त आपलं नाव नाही, हे त्या क्षणीही त्यांना टोचलं. मग स्वतःचीच किळस आली आणि त्यांनी तांब्या पुढं केला.

डॉक्टरांकडे नेलं. गोंद हुंगून नशा केलीय, वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. मावशी इस्त्रीच्या कोळशाचा वास अंगावर घेऊन धावत आली. तिनं रंधासरांचे हात धरले आणि म्हणाली, "सर, तुमच्याकडे असते म्हणून मी निर्धास्त होते हो." याहून तिनं थोबाडीत मारली असती तर बरं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी दोघांना बोलावलं. रंधासर चूक सांगायला तोंड उघडतात तोच ताई मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "मीही अधिक ठाम राहायला हवं होतं. मुलीचा विश्वास मोडायचा नव्हता, पण गोंदाबद्दल मी तुमच्याकडे यायला हवं होतं, सर." अपराध वाटून घ्यायलाही ही पुढं! रंधासरांना रागही आला आणि त्या रागाचा त्यांना कंटाळाही आला.

घरी बायकोनं या वेळी सवतीचा विनोद केला नाही. तिनं विचारलं, "मग ती पोरगी तुमच्याकडे यायची ती कशासाठी? त्या डब्यासाठी?"

हाच प्रश्न त्यांना दिवसभर खात होता. आजवर ताईंचा हेवा केला, तो निदान माणसाचा तरी होता. आता ते एका पत्र्याच्या डब्याचा हेवा करत होते. तासभर वाकून बसणारी पाचर, "गोंद असला की मी, सर" म्हणणारी पाचर. ते सगळं कौतुक आपण कोणावर उधळलं?

पाचर शाळेत परतली तेव्हा मावशी तिला सोडायला आणि न्यायला येऊ लागली. एके दिवशी मधल्या सुट्टीत पाचर कार्यशाळेपाशी आली. आत आली नाही. दारापासून चार हात लांब, सायकलींजवळ उभी राहिली.

"आत यायचं नाही ठरलंय, सर."

"बरं केलंस." ते बाहेर आले. हात सवयीनं खिशात गेला आणि पॉलिश पेपरचा तुकडा बाहेर आला, तो त्यांनी परत खिशात घातला. या वेळी विचारायलाच हवं होतं. "पाचर, खरं सांग. माझ्याकडे यायचीस ती त्या वासासाठीच का?"

ती सायकलीची घंटी उगाच फिरवत राहिली. "पहिल्यांदा कामासाठीच येत होते. मग वासासाठी. मग दोन्ही एकात एक अडकलं, सर. सांधा बसतो ना, तसं. वेगळं करता येईना. ताई म्हणाल्या, थोडे दिवस लांब राहा, मग हळूहळू जाता येईल. मला परत यायचं होतं म्हणून तर त्यांच्याकडे जात होते."

"मग मला का नाही सांगितलंस? मला सांगू नका म्हणालीस त्यांना. ऐकलंय मी."

"तुम्ही किल्ली टाकायचात ना माझ्याकडे," पाचर म्हणाली. "सांगितलं असतं तर परत कधी टाकली असती?"

घंटा झाली, ती वर्गाकडे गेली.

त्या आठवड्यात पिवळे डबे शाळेतून गेले. उरलेल्या खुर्च्यांना रेक्झिन खिळ्यांनी बसलं आणि पांढरा गोंद आला. शिकंजे चारच होते, म्हणून मुलांच्या चौकटी दोरीनं आवळून आणि वर विटा ठेवून सुकू लागल्या. किल्ली रंधासरांच्या खिशात गेली. आणि एका सकाळी ते रंधा, पटाशी आणि नवी बिजागरी घेऊन नकाशांच्या खोलीशी गेले.

"रांग संपली वाटतं," ताई म्हणाल्या.

"संपली, ता..." त्यांची जीभ अडखळली. "संपली, बाई."

त्यांनी दार उतरवलं, पाटावर आडवं घातलं, फरशीला घासणारी कड रंध्यानं काढली, बिजागरीची खाच नव्यानं कोरली. दार परत चढवलं तेव्हा ते सहज फिरलं, आवाज न करता. लागलंही. फक्त वरच्या कोपऱ्यात केसभर अडत होतं, त्यामुळे एक बारीक फट राहत होती. बघणाऱ्याला दिसली नसती. ताई म्हणाल्या, "छान झालं की, सर! एवढं पुष्कळ आहे."

रंधासर त्या फटीकडे बघत राहिले. एवढ्याशा फटीतून शब्द कळणार नाहीत, पण आवाज येईल. हसतेय की रडतेय एवढं तरी कळेल. कोणी दोष दिला नसता.

"नाही झालं," ते म्हणाले आणि दार पुन्हा उतरवलं.

ते दुसऱ्यांदा चढवून होईपर्यंत पाचरची वेळ झाली होती. ती आली, खाली पडलेली लाकडाची एक लांब कुरळी साल तिनं उचलली, बोटाला गुंडाळली आणि आत गेली.

"सर, दार लावू?"

"लाव."

दार बसलं. आतून कसलाच आवाज आला नाही, ना हसण्याचा ना रडण्याचा. रंधासर खाली वाकून साली गोळा करू लागले. मूठभर साली होत्या, पण त्यांना फार वेळ लागला.